तालुक्याच्या गॅरेजला वाइडबँड हवा, की नॅरोबँड पुरे?

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव आहे.)

पानाबारा, वणी

राजेहो, एकच मुद्दा मांडतो. वणी, दारव्हा, रिसोड, अहेरी अशा ठिकाणच्या गॅरेजनं पेट्रोल गाडीचं हवा-पेट्रोलचं मिक्श्चर पाहायला वाइडबँड मीटर (ते प्रमाण नेमक्या आकड्यात दाखवणारा) विकत घ्यायची गरज नाही. गाडीत बसलेला नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर (पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणारा) आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो तो आकडा, दाखवणारा स्कॅनर, एवढ्यावर रोजची कामं निघतात. तेवढे पैसे आधी फ्युएल प्रेशर गेज आणि व्हॅक्यूम गेजवर घाला.

काहून म्हणतो ते सांगतो. नॅरोबँडच्या टोकाला झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या बाहेरून इंजिनचा धूर, आतून मोकळी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर व्होल्टेज तयार होतं. मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) असलं की ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन (पेट्रोल कमी) असलं की ०.१ च्या आसपास, आणि ०.४५ म्हणजे बरोबर मध्य, लॅम्बडा १: हवा लागते तेवढीच. लॅम्बडा १ च्या खाली रिच, वर लीन. ईसीएम त्या मध्याच्या अलीकडे-पलीकडे पेट्रोल कमीजास्त करत राहतो. गरम इंजिनला २५०० आरपीएमवर हा सिग्नल दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी पलटला पाहिजे. सुस्तपणे पलटत असेल तर सेन्सर म्हातारा झाला. एकाच जागी अडकला असेल तर आधी वायर तपासा, मग सेन्सर. गाडी सुरू होऊन बराच वेळ झाला तरी सिग्नल जागा होत नसेल तर हीटर पाहा. सेन्सर तीनशे-साडेतीनशे अंशांखाली कामच करत नाही, आणि हीटर गेल्याचा कोड बहुधा पी०१३५ येतो.

पण खरं निदान ट्रिममध्ये आहे. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक १५ आणि २५०० ला अधिक ३ दिसला, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे: इनटेक गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ इंजिनात परत नेणारा व्हॉल्व्ह) फाटलेला होस. आयडलला ठीक आणि लोडवर अधिककडे सरकत असेल, तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर किंवा पंप. सगळीकडे वजा असेल, तर गळका इंजेक्टर किंवा चढलेलं प्रेशर. यात वाइडबँड जास्तीचं काय सांगणार? क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ईसीएम सेन्सरचं ऐकत असतो तेव्हा, तो १.०० च दाखवणार. ईसीएमनं तिथंच आणून ठेवलेलं असतं.

घाटरस्ता, परतवाडा

क्लोज्ड लूपपुरतं सगळं मान्य, भाऊ. पण गाडी फक्त सपाटीवर चालत नाही.

मे महिन्यात पाच माणसं बसवून परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना एक्सलेटर दाबलेलाच राहतो. अशा वेळी ईसीएम ओपन लूपमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि आत आधीच भरलेल्या तक्त्यातल्या आकड्यावर पेट्रोल टाकतो. बिनटर्बो पेट्रोल इंजिनला तेव्हा लॅम्बडा ०.८५ ते ०.८८ लागतो. ताकद मिळते, शिवाय जास्तीचं पेट्रोल ज्वलनकक्ष थंड ठेवतं. आता पंप थकला आणि ०.८७ ऐवजी ०.९५ झालं, तर नॅरोबँड काय दाखवतो? दोन्ही वेळी ०.८ च्या आगेमागे. ‘रिच आहे’, एवढंच. त्यात सेन्सरचं टोक तापलं की रिच बाजूचं व्होल्टेज आपसूक उतरतं. म्हणजे ०.८७ व्होल्टचा ०.८० झाला तो मिक्श्चरमुळे की तापल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. तिकडे इंजिन टकटक करायला लागतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात, आणि स्कॅनरवर एकही कोड नसतो.

वाइडबँडची रचनाच वेगळी. त्यात मोजणारा सेल असतो, शिवाय ऑक्सिजन ढकलणारा पंप सेल असतो. कंट्रोलर मोजणाऱ्या सेलवर ४५० मिलिव्होल्ट टिकवून ठेवायला पंप सेलमधून करंट सोडतो. तो करंट किती आणि कोणत्या दिशेनं, यावरून लॅम्बडा कळतो. बॉशचा एलएसयू ४.९ लॅम्बडा ०.६५ पासून थेट मोकळ्या हवेपर्यंत मोजतो. ०.८७ आणि ०.९५ तिथं दोन वेगळे आकडे दिसतात.

पानाबारा, वणी

पंप थकल्याचं फ्युएल प्रेशर गेज सांगतो ना! रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) टी लावा, होस काचेपर्यंत आणून वायपरखाली पक्का बांधा, थेंबभरही गळत नाही याची खात्री करा आणि चढावर न्या. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास असतं. लोडवर ते अर्ध्या बारनं पडलं की पंप किंवा फिल्टर पकडला. त्यासाठी वेगळा सेन्सर कशाला?

घाटरस्ता, परतवाडा

इंजेक्टर चोंदला असेल तर गेजवर ३ बारच दिसणार. प्रेशर पूर्ण, पेट्रोल कमी. आयडलला आणि सपाटीवर ईसीएम ट्रिम वाढवून भागवतो. पूर्ण थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये खरंच किती गेलं, हे शेवटी धूरच सांगतो.

सोलेक्स, आर्वी

तुम्ही दोघंही इंजेक्शनच्या गाड्यांवरच बोलताय. आपल्या भागात कार्बोरेटरच्या जुन्या ८००, ओम्नी, जिप्सी अजून रस्त्यावर आहेत. त्यांना ना सेन्सर, ना ट्रिम. तिथं वाइडबँडशिवाय नेमकं काही कळत नाही, प्लगचा रंग पाहून अंदाज बांधायचा एवढंच.

आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. निव्वळ पेट्रोलला हवेचं वजनी प्रमाण १४.७ पट, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला सुमारे १३.५. जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) तेच ठेवले तर निव्वळ पेट्रोलवर लावलेली गाडी ७-८ टक्के लीन चालते, ई१० वर लावलेली ४ टक्के. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळाच्या हिशोबानं वाहतं. त्यामुळे ८ टक्के वाढवायला व्यास ४ टक्केच वाढवायचा. जेटचा नंबर शतांश मिलिमीटरमध्ये असेल तर १०० च्या जागी १०४ किंवा १०५. भोक तारेनं खरवडू नका. कडा बिघडते, मग कोणताच हिशोब लागत नाही.

एक गफलत नेहमी होते. मीटरवर १४.७ दिसलं म्हणजे खरंच १४.७ असं नाही. सेन्सर लॅम्बडा मोजतो, मीटर त्याला १४.७ नं गुणतो. ई२० वर मीटर १४.७ दाखवतो तेव्हा खरं प्रमाण १३.५ असतं, आणि मिक्श्चर बरोबर असतं. ते पाहून ‘ई२० ला १३.५ पाहिजे’ म्हणत पेट्रोल वाढवलं की गाडी नाहक रिच होते. एलपीजी किटवालीचंही तसंच, तिचं खरं प्रमाण साडेपंधराच्या वर. मीटर लॅम्बडावर ठेवा, कोणत्याही इंधनाला १ म्हणजे १.

हीटरफ्यूज, साकोली

मी पानाबाराच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं. चुकीचा बसवलेला वाइडबँड नॅरोबँडपेक्षा जास्त नुकसान करतो. आकडा दिसला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

होतं काय ते पाहा. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला भेग असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर लीन दाखवतो. एक सिलिंडर मिसिंग मारत असला तरी लीनच दाखवतो, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो. अशा वेळी पेट्रोल वाढवलं की प्लग आणखी ओला होतो, मिसिंग आणखी वाढतं. आधी कॉइल-प्लग, मग मिक्श्चर.

सेन्सरसाठी पाइपला नट वेल्ड करताना एम १८ गुणिले १.५ चा आटा, कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधी, पाइपच्या वरच्या अंगाला. सेन्सर आडवा नको, वायरची बाजू आडव्यापेक्षा किमान १० अंश वर. आडवा किंवा खालून लावला की जुलै-ऑगस्टच्या गार सकाळी पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या टोकावर येतं आणि सिरॅमिक तडकतं. म्हणून चावी फिरवून गप्पा मारत बसू नका, लगेच इंजिन सुरू करा. उलट चूकही होते: मीटर बंद आणि सेन्सर पाइपात तसाच. थंड टोकावर काजळी बसून तो महिन्याभरात आंधळा होतो. काम झालं की काढा आणि नटात बोल्ट लावा.

कनेक्टर कधीही कापू नका. कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो. मीटरची अर्थिंग हीटरच्या अर्थिंगला जोडू नका, अॅनालॉग आकडा सरकतो. आणि ज्या इंजिनात भरमसाट साधा सिलिकॉन गॅसकेट सीलंट लावलाय, तिथं कोणताही ऑक्सिजन सेन्सर टिकत नाही, वाइड असो की नॅरो.

घाटरस्ता, परतवाडा

या चुका टाळता येतात. प्रत्येक गाडीला नट वेल्ड करायचीही गरज नाही. शेपटीतून (सायलेन्सरच्या टोकातून) दीड-दोन फूट आत जाणारी, सेन्सर बसवलेली नळी क्लॅम्पनं लावा. कॅटनंतरचं रीडिंग जरा उशिरा येतं, पण पूर्ण लोडवर काम देतं. आयडलला ते मानू नका, शेपटीतून हवा मागे शिरते. वापरण्याआधी सेन्सर बाहेर काढून मोकळ्या हवेत चालवा. ऑक्सिजन २०.९ टक्के आला नाही तर त्या दिवशी त्याच्या आकड्यावर एकही निर्णय घेऊ नका.

आणखी एक. काही नव्या गाड्यांत कंपनीचाच पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. डेन्सोच्या अशा सेन्सरला ईसीएमकडे मध्यावर सुमारे ३.३ व्होल्ट दिसतात आणि व्होल्टेज वाढलं म्हणजे लीन, नॅरोबँडच्या बरोबर उलट. मल्टिमीटर लावून ०.४५ शोधणारा चांगला सेन्सर फेकून देतो. ते टाळायचं तर हे तंत्र आज ना उद्या शिकावंच लागेल.

पानाबारा, वणी

शिकायला माझी ना नाही. सोलेक्सचं कार्बोरेटरचं म्हणणं मी मान्य करतो, तिथं दुसरा मार्ग नाही. पण इंजेक्शनच्या गाडीसाठी माझा क्रम बदलत नाही: स्कॅनर, प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, इंजेक्टर तपासायचा बेंच, आणि मग वाइडबँड. चोंदलेला इंजेक्टर बेंचवर उघड दिसतो. चार नळ्यांत ३० सेकंद फवारा सोडा, एक नळी बाकीच्यांपेक्षा खाली राहिली की तोच.

घाटरस्ता, परतवाडा

बेंचवर लावायला आधी रेल उतरवावी लागते. कोणत्या गाडीची उतरवायची, हे चढावरचा ०.९५ सांगतो.