मदत हवी आहे : विंडोज ११ टाकण्याआधी एमबीआर डिस्कचं काय करू?

मंडळी, बाबांच्या डेस्कटॉपवर अजून विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बाबा याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करतात, म्हणून ११ वर न्यायचंय. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे चालेल.

टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षा-चिपची सोय) सोपं आहे, बायोसमध्ये इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं अंगभूत टीपीएम, सुरू केलं की झालं. खरी अडचण सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय); ते जुन्या लेगसी मोडमध्ये चालत नाही. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड ‘लेगसी’ दिसतो, डिस्क एमबीआर, म्हणजे पार्टिशनच्या जुन्या मांडणीची आहे. सीएसएम (लेगसी मोड चालू ठेवणारी बायोसमधली सेटिंग) थेट बंद केला तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजच्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलायला हवी. पण ते टूल जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालवून घेतं. इथे चार आहेत : सिस्टम रिझर्व्ड, सी, डी आणि रिकव्हरी.

कोणी हे प्रत्यक्ष केलंय का? रिकव्हरी काढून टाकलं तर पुढे अपडेटला त्रास होतो का? की डीमधला डेटा बाहेर घेऊन तेच पार्टिशन उडवावं? बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) बंद आहे, बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घेतोय. फॉरमॅट मारायचा सल्ला शक्यतो नको; बाबांचं जुनं श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) याच इन्स्टॉलेशनवर चालतं आणि त्याची सीडी आता घरात नाही.