प्रभावळकरांमधल्या लेखकावर अन्याय झाला आहे काय?

तिसरी रांग (धागाकर्ता)

दिलीप प्रभावळकरांचे नाव निघाले की कुणाला ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवतो, कुणाला ‘चौकट राजा’तला नंदू, तर कुणाला ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी. २००६ सालचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या गांधीजींसाठी आणि ‘शेवरी’तल्या भूमिकेसाठी मिळाला, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र आपण ज्याला ‘टिपऱ्यांचे आबा’ म्हणतो तो माणूस मुळात कागदावर त्यांनीच जन्माला घातला, ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ या रोजनिशीवजा सदरातून, हे सांगितले की समोरचा थोडा चकित होतो. आधी सदर, मग पुस्तक आणि २००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही साप्ताहिक मालिका, असा हा प्रवास आहे. माझे स्पष्ट मत असे की प्रभावळकरांमधला लेखक हा त्यांच्यातल्या नटाच्या तोडीचा आहे आणि दूरचित्रवाणीने नटाला घरोघरी पोहोचवताना लेखकाला झाकून टाकले. ‘बोक्या सातबंडे’ लिहिणारा, ‘गुगली’मधून क्रिकेटवेडाची खोडी काढणारा, ‘हसवाफसवी’सारखे नाटक रचणारा माणूस केवळ ‘अष्टपैलू अभिनेता’ या दोन शब्दांत संपवला जातो, याचे मला वाईट वाटते.

संहितावाचक

आपला जिव्हाळा समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. ‘हसवाफसवी’चेच उदाहरण घ्या. या नाटकात एकाच नटाने सहा भूमिका करायच्या असतात आणि संहितेची सगळी रचना त्याच गरजेतून झालेली आहे: एक पात्र आत गेले की दुसरे येईपर्यंत रंगमंच कोणी आणि कसा धरून ठेवायचा, हा तिथला खरा प्रश्न. कृष्णराव हेरंबकर हा संगीत नाटकाच्या जमान्यातला वृद्ध नट आपण विसरत नाही, तो त्याच्या थरथरत्या आवाजामुळे, बसण्या-उठण्यामुळे आणि जुन्या वैभवाच्या आठवणीने डोळ्यांत येणाऱ्या चमकेमुळे. छापील पानावर यातले किती उरते? प्रभावळकरांनी स्वतःच्या अंगाच्या मापाने कपडे शिवले आणि ते उत्तम शिवले. म्हणून त्यांना मोठा शिंपी म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. परंतु कपडे दुसऱ्या कुणाला बसतील काय, ही लेखनाची कसोटी मला महत्त्वाची वाटते.

तिसरी रांग

बसले की! पुष्कर श्रोत्री यांनी हेच नाटक पुढे रंगमंचावर आणले आणि त्या सहाही भूमिका केल्या. तुलना अर्थातच झाली, ती होणारच होती. तरीही प्रेक्षक हसले, कारण प्रसंगांची वीण आणि संवादांची फेक संहितेतच होती. कसोटी आपलीच आहे, निकाल तेवढा माझ्या बाजूने लागतो.

बडोदेकर

दोघांच्याही वादात एक धागा सुटतो आहे असे मला वाटते आणि तो आमच्या गावाशी जोडलेला असल्यामुळे मी आग्रहाने मांडतो. प्रभावळकरांना दूरचित्रवाणीवर पहिली मोठी ओळख मिळाली ती मुंबई दूरदर्शनवरच्या चिमणरावाने, आणि तो चिमणराव चिं. वि. जोशींचा. जोशी बडोद्यात पाली शिकवत होते; विद्वत्तेचा व्यासंग सांभाळून त्यांनी हा भित्रा, भाबडा, स्वतःच्या फजितीची हकिकत स्वतःच गंभीर चेहऱ्याने सांगणारा कारकून उभा केला. १९७०च्या दशकात, घरात दूरचित्रवाणी संच असलेल्या एखाद्याच कुटुंबाकडे सगळी चाळ जमायची त्या दिवसांत, प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला. दुसऱ्याच्या लेखनात इतका काळ राहिलेल्या नटाला विनोद कुठे थांबवायचा हे आपोआप कळू लागते. ‘अनुदिनी’त तीच पद्धत दिसते: मोठ्याने हसायचे नाही, फक्त घडले ते नोंदवायचे. चिमणरावाच्या वेळी तिशीत असलेला नट पुढे सत्तावन्नाव्या वर्षी आजोबा होऊन पडद्यावर आला, तेव्हा बिऱ्हाडाची जागा फ्लॅटने घेतली होती, पण निवेदनाचा सूर जोशींच्याच घराण्यातला होता. त्यामुळे लेखक मोठा की नट मोठा, हा प्रश्नच मला थोडा कृत्रिम वाटतो. त्यांच्यातला लेखक नटाच्या तालमीत तयार झालेला आहे.

आबांचा शेजारी

मी वेगळीच तक्रार मांडतो आणि ती लोकप्रिय होणार नाही याची मला कल्पना आहे. टिपऱ्यांचे घर गोड आहे, फारच गोड आहे. आबा, मुलगा शेखर, सून श्यामल आणि शिऱ्या-शलाका ही नातवंडे यांच्यात जे मतभेद होतात, ते रात्री आबा रोजनिशी उघडेपर्यंत विरून गेलेले असतात. जोशींच्या चिमणरावात मध्यमवर्गाच्या ढोंगाला टोचणारी सुई होती, ती येथे बोथट झाली आहे. उत्तम लेखकाने आपल्या वाचकाला थोडे तरी अस्वस्थ करावे ही अपेक्षा चुकीची आहे काय? शिवाय मालिका हे एकट्या लेखकाचे काम नसते. केदार शिंदे यांचे दिग्दर्शन, राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांचा सहज वावर, हे सगळे बाजूला ठेवून सारे श्रेय ‘अनुदिनी’ला देणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

संहितावाचक

या एका मुद्द्यावर मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूला जातो, याचे मलाच आश्चर्य वाटते. त्याच काळात दररोजच्या मालिकांचे पीक येऊ लागले होते, कट-कारस्थाने आणि थोबाडीत मारल्याचे तीन-तीन कोनांतून दाखवलेले प्रसंग यांवर त्या चालत होत्या. अशा वेळी नातवाशी जुळवून घेताना स्वतःची मते तपासणारा आजोबा आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासासाठी दाखवणे, हे बोथटपणाचे लक्षण मी मानत नाही. आबा चुकतात आणि चुकल्याचे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतात. आपल्याकडच्या किती वडीलधाऱ्या पात्रांना लेखकांनी एवढी मुभा दिली आहे? माझा मूळ आक्षेप ‘हसवाफसवी’पुरता कायम आहे, आणि श्रोत्रींचा प्रयोग मी पाहिलेला नाही हेही कबूल करतो.

तिसरी रांग

शेजाऱ्यांची तक्रार मी अर्धी स्वीकारतो. ‘टिपरे’त टोचणी कमी आहे हे खरे. परंतु प्रभावळकरांच्या लेखनाचे माप केवळ त्यावरून काढू नये, एवढीच विनंती. ‘बोक्या सातबंडे’ वाचून पाहा. हा मुलगा मोठ्यांच्या बेगडी वागण्यावर सरळ बोट ठेवतो आणि त्यासाठी लेखकाला एकदाही उपदेश करावा लागत नाही. मुलांसाठी लिहिताना हात इतका सैल ठेवणे कठीण असते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चेटकीण होऊन बालप्रेक्षकांसमोर उभे राहिल्याचा हा फायदा असावा, असा माझा कयास आहे. म्हणजे बडोदेकरांचे म्हणणे मला शेवटी मानावेच लागते आहे. तरीही बोक्याला कुठल्याही नटाच्या आवाजाची गरज पडत नाही. माझ्या दहा वर्षांच्या भाचीने ते पुस्तक दोन दिवसांत संपवले, आणि लेखकाने कधी अभिनय केला आहे याचा तिला पत्ताही नव्हता.