मदत हवी आहे : काउबॉय नेमबाजीतला १७० अंशांचा नियम, नवख्यांना सूट द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी अॅरिझोनात राहतो आणि इथल्या एका छोट्या क्लबात काउबॉय अॅक्शन शूटिंग खेळतो. पंचांची कामंही बरीच करतो. पुढच्या बैठकीत सुरक्षेच्या नियमांवरून खडाजंगी होणार हे दिसतंय आणि मला तिथे ठाम बोलायचं आहे. आपल्याकडे रायफल क्लबात, एनसीसीत, फौजेत रेंजवर उभं राहिलेली मंडळी आहेत, म्हणून इथे विचारतोय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंगल अॅक्शन शूटिंग सोसायटी ही १९८७ साली स्थापन झालेली संस्था याचे नियम ठरवते. प्रत्येकाला जुन्या पश्चिम अमेरिकेच्या धर्तीचा पोशाख आणि एक टोपणनाव घ्यावं लागतं. दोन सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक जुन्या पद्धतीची शॉटगन वापरायची. एका फेरीत साधारणपणे रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या चार-सहा गोळ्या लोखंडी निशाण्यांवर झाडायच्या, आणि सगळा हिशेब वेळेवर. नेम चुकला की ५ सेकंद वाढतात, क्रम चुकला की १०. किरकोळ सुरक्षाभंगालाही १० सेकंद. त्याच्या पुढे गेलं की फेरी बाद. दोन फेऱ्या बाद झाल्या की सामन्यातूनच बाहेर.

वाद आहे तो १७० अंशांचा. बंदुकीचं तोंड निशाण्याच्या दिशेच्या डावी-उजवीकडे प्रत्येकी ८५ अंशांच्या आत राहिलं पाहिजे. बाहेर गेलं की फेरी बाद, मग बंदूक भरलेली असो वा रिकामी.

मागच्या सामन्यात एक नवी मुलगी होती. उजव्या हाताची, पण दुसरं रिव्हॉल्व्हर डाव्या कमरेच्या आडव्या म्यानात, म्हणजे उजवा हात पोटावरून आडवा नेऊन काढायचं, दस्ता (मूठ) पुढे. असं रिव्हॉल्व्हर काढताना तोंड आधी डावीकडे आणि थोडं मागेच जातं. म्हणून जाणकार नेमबाज डावा पाय पुढे टाकतो, उजवा मागे घेतो आणि डावी कंबर निशाण्याकडे वळवून मगच हत्यार बाहेर काढतो. ही मुलगी दोन्ही पाय समांतर ठेवून सरळ समोर तोंड करून उभी होती. मी डावीकडचा स्पॉटर (चुकलेले नेम मोजणारा) होतो, मला नळीचं तोंड स्पष्ट दिसलं. ते रेषेपलीकडे गेलं, थोडंथोडकं नव्हे, प्रेक्षकांच्या दोरीकडे. टायमरवाला, म्हणजे वेळ मोजणारा आणि नेमबाजावर लक्ष ठेवणारा पंच, तिच्या उजव्या खांद्यामागे उभा होता, त्याला तिची कोपरं आणि पाठ दिसत होती. त्याने काहीच म्हटलं नाही. फेरी संपल्यावर मी सांगितलं, त्याने दुसऱ्या दोघांना विचारलं, त्यांना काही दिसलं नव्हतं. संशयाचा फायदा नेमबाजाला, हा आमचा नियम. ती फेरी तिला मिळाली.

निकालावर माझी तक्रार नाही. पण त्यानंतर क्लबातल्या ज्येष्ठांनी मांडलेला प्रस्ताव मला अजिबात पटत नाही. त्यांचं म्हणणं, नवख्याच्या पहिल्या सामन्यात १७० अंश मोडले तर फक्त ताकीद द्यावी, नाहीतर नवी माणसं पळून जातात. त्यांचा दुसरा मुद्दा असा की खरा धोका भरलेल्या बंदुकीचा असतो आणि पाचच काडतुसांचा नियम आहेच की.

हा पाचचा नियम आमच्या खेळाचा कणा आहे, त्यामुळे त्यावर थोडं बोलतो. १८७३ च्या कोल्टसारख्या सहाबारीत घोडा खाली असला की त्याची टोकदार सुई थेट काडतुसाच्या बुडाला टेकते. पडलं, आदळलं की गोळी सुटू शकते. म्हणून सहापैकी पाचच घरं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण मागे खेचून अलगद खाली. रुगरने १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये मधे एक पट्टी बसवली, त्यामुळे घोडा थेट सुईवर आदळत नाही आणि सहाही घरं भरून चालतील अशी सोय झाली. तरीसुद्धा नियमाने त्यांनाही पाचच. मला यात खेळाचं शहाणपण दिसतं. तुझी बंदूक कोणती, तू किती वर्षं खेळतोस, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना एकच शिस्त.

मग कोनाच्या नियमातच अनुभवाप्रमाणे सूट कशी काय? दोरीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळणारं तोंड नवख्याच्या हातातलं आहे की विजेत्याच्या, याने त्या माणसाला काय फरक पडतो? नवख्याला सांभाळायचंच असेल तर ते टायमर वाजायच्या आधी सांभाळावं. टायमरवाल्याने फेरीत ओरडून सावध केलं तर आमच्या नियमात तो हस्तक्षेप धरला जात नाही, ती त्याची जबाबदारीच मानली जाते. ही सोय आम्ही पुरेशी वापरत नाही असं माझं मत आहे.

आता माझे प्रश्न :

पहिला. रेंजवर दोन्ही बाजूंची मर्यादा डोळ्यांना दिसेल अशी तुम्ही कशी आखता? बांबूला झेंडे, रंगवलेले खुंट, जमिनीवर चुना? उन्हात आणि काळ्या बारूदाच्या धुरात टिकेल असं काही हवंय. (आमच्यात काळी बारूद वापरणाऱ्यांचा वेगळा गट आहे, त्यांची पहिली गोळी सुटली की पुढचं काही दिसत नाही.)

दुसरा. टायमरवाला मागून पाहतो आणि स्पॉटरचे डोळे निशाण्यावर असतात. मग बंदूक म्यानातून निघताना पाहायचं कोणी? आडव्या म्यानाच्या बाजूला फक्त तेवढ्यापुरता एक माणूस ठेवणं कुणी करून पाहिलं आहे का?

तिसरा. नवख्याला आधी आडवं म्यान वापरूच द्यावं का? नियमाने म्यान उभ्या रेषेपासून ३० अंशांहून जास्त कललेलं चालत नाही, पण कललेलं नसूनही पाय न वळवल्यास तोंड बाहेर जातंच.

भर (प्रतिसाद वाचून) :

सगळ्यांचे मनापासून आभार.

ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीत पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, हिरवं म्हणजे दोन गुण वजा, लाल म्हणजे बाद, मग तुमच्याकडे ताकीद का नको, असं एकाने विचारलंय. प्रश्न रास्त आहे. पण तिथे प्रत्येकजण आपापल्या जागी असतो, बंदुकीचं तोंड निशाण्याकडे असतं, कमरेवरून हत्यार काढणं नसतं, आणि नेमबाजी चालू नसते तेव्हा चेंबरमध्ये, ते रिकामं आहे हे दाखवणारा सुरक्षा झेंडा असतो. आमच्याकडे माणूस चालतो, चार हत्यारं बदलतो. बंदूक हलण्याचे प्रसंगच इतके आहेत की एकदाची सूट मला परवडणारी वाटत नाही.

आयपीएससीचा (हालचाल करत खेळायच्या पिस्तूल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) दाखला देणाऱ्याचं म्हणणं उलट आहे, की आम्हीच मवाळ. तिथे फेरीदरम्यान पिस्तूल हातातून पडलं की रिकामं असलं तरी सामन्याबाहेर. आमच्याकडे रिकामं पडलं तर फेरी बाद, भरलेलं पडलं तर सामना. हा फरक मला योग्य वाटतो, तो बदलावा असं मी म्हणणार नाही.

बैठकीत माझा प्रस्ताव असा : दंड सगळ्यांना सारखाच राहील. नवख्याला सामन्याआधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरने पाय वळवून हत्यार काढून दाखवावं लागेल, जमलं नाही तर त्या दिवशी दोन्ही म्यानं सरळ (दस्ता मागे) लावायची. आणि आडव्या म्यानाच्या बाजूला एक माणूस फक्त नळीकडे पाहील.

यातल्या तिसऱ्या मुद्द्याला माणसं पुरत नाहीत अशी ओरड नक्की होणार. लहान क्लबात, आठ-दहा जणांच्या गटात, ही जागा कुणी कशी भरली ते कृपया लिहा. डावखुऱ्यांच्या बाबतीत टायमरवाल्याने कुठल्या बाजूला उभं राहावं, हेही अजून कुणी सांगितलेलं नाही. आमच्याकडे दोघेजण डावखुरे आहेत.