सोसायटी ग्रुप: गेटवरचा बॅनर

सुभेदारकाका (ए-101): नमस्कार. गेटवर 15 ऑगस्टचा बॅनर लागलाय. त्यावर ‘शहीद राम राघोबा राणे’ असं छापलंय. मजकूर कोणाचा?

जोशीकाकू (बी-304): जय हिंद 🙏🙏

सेक्रेटरी: काका, सांस्कृतिक समितीने केलाय. छान झालाय की. काही राहिलं का?

सुभेदारकाका: राणेसाहेब 1968 ला मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली वारले, ते आपल्या पुण्यातच. परमवीर चक्र घेऊन पुढे चांगले 40-45 वर्षं जगले. तुम्ही गेटवर मारून टाकलंत त्यांना.

पाटील (सी-702): बॅनरचे 1800 रुपये कोणत्या मीटिंगमध्ये मंजूर झाले?

रोहन (बी-503): सॉरी काका, मीच लिहिलं. परमवीर म्हणजे शहीदच असं वाटलं.

सुभेदारकाका: वाटलं म्हणून छापायचं नसतं, बाळा. मागच्या वर्षी झेंड्याच्या वेळी मी गप्प बसलो होतो.

सेक्रेटरी: झेंड्याचा विषय वार्षिक सभेत मिटलाय. तो पुन्हा नको, ही नम्र विनंती.

जोशीकाकू: राणे म्हणजे ते दोरीवाले ना? रणगाड्याखाली सरपटत जायचे आणि दोरी ओढून ड्रायव्हरला खुणा करायचे?

सुभेदारकाका: दोरीची गोष्ट सगळेच सांगतात, वहिनी. तिच्या नादात बाकीचं राहून जातं.
8 एप्रिल 1948, काश्मीरची लढाई. नौशेराहून राजौरीला रणगाडे न्यायचे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. ते साफ करायचं काम राणेंच्या तुकडीकडे. सकाळी 11 ला उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान गेले, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. उरलेल्यांना गोळा करून त्यांनी काम परत सुरू केलं. संध्याकाळी बरवालीची डोंगरधार आपल्या ताब्यात आली, पण शत्रू पुरता हटला नव्हता. तरी हे पुढे जाऊन, समोर मशिनगन चालू असताना, रात्री 10 पर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढत होते. 9 तारखेला सकाळी 6 ला परत त्याच जागी हजर.
एकदा अंगात येतं तेव्हा माणूस काहीही करून जातो. जखम घेऊन, झोपून उठून, परत तिथेच जायचं, हे मला नोकरीभर जमेल की नाही याची धास्ती होती.

रोहन: काका 🙏

कुलकर्णी (ए-404): पण जिवंतपणी परमवीर मिळालेले करमसिंगही होते. मग राणे त्यातले ‘पहिले’ असं म्हणतात, ते कसं?

सुभेदारकाका: करमसिंगांची लढाई तिथवालची, ऑक्टोबर 1948. राणे एप्रिलमध्ये. महिने मोजा.

कुलकर्णी: फक्त विचारलं. चिडू नका.

नाईकवहिनी (बी-201): माझं माहेर कारवार 😊 राणे तिथल्याच चेंडियाचे. टागोर बीचवर ‘चपळ’ युद्धनौकेशेजारी त्यांचा पुतळा आहे. दर मे महिन्यात मुलांचे फोटो तिथेच.

पाटील: म्हणजे कर्नाटकचे झाले. मग 1800 रुपये आपण का?

नाईकवहिनी: भाऊजी, त्यांचा जन्म 1918 चा. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं. आणि मेंटेनन्स मी पण भरते, वेळेवर.

जोशीकाकू: 😂😂 वेळेवर

पाटील: माझे दोन महिने वादग्रस्त आहेत, थकीत नाहीत. सेक्रेटरींना माहीत आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहूया.

सुभेदारकाका: आणि ते बॉम्बे सॅपर्सचे (लष्करातले इंजिनिअर), म्हणजे खडकीचे. 1940 ला जवान म्हणून भरती, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर 1947 मध्ये कमिशन. राजौरीच्या रस्त्यावर होते तेव्हा अधिकारी होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते.

नाईकवहिनी: आणि परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने युरोपियन, सून आपल्याकडची. रोहन, हे पण टाक.

रोहन: काका, पुढे काय झालं? 9 तारखेला?

सुभेदारकाका: संध्याकाळी सव्वासहाला समोर पाच मोठी चीडची (पाइनची) झाडं आडवी. भोवती सुरुंग, वरून मशिनगन. अंधार पडत होता, म्हणून थांबले. 10 तारखेला पहाटे 4:45 ला सुरुवात, 6:30 ला रस्ता मोकळा. दुपारी 2 ला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला. 12 तारखेला राजौरी आपली.

कुलकर्णी: पाच झाडं पावणेदोन तासांत, गोळ्या खात. बी विंगसमोरचा गुलमोहर 9 जुलैपासून आडवा आहे.

जोशीकाकू: 😂😂😂

सेक्रेटरी: गुलमोहरासाठी अर्ज दिलाय. प्रत ग्रुपवर टाकली होती, कोणी वाचत नाही.

रोहन: मशिनगन पण नाहीये तिथे.

सेक्रेटरी: रोहन, तू आधी बॅनर बघ.

पाटील: नवीन बॅनर म्हणजे अजून 1800. एकूण 3600. मंजुरी?

सुभेदारकाका: नवीन नको. ‘शहीद’वर पांढरी पट्टी लावून ‘मेजर’ लिहा. रंग माझ्याकडे आहे. रोहन, संध्याकाळी शिडी घेऊन ये.

रोहन: येतो काका. पण लढाईच्या वेळी ते सेकंड लेफ्टनंट होते ना? मेजर चालेल?

सुभेदारकाका: 👍 आता विचारून लिहितोयस. मेजर चालेल.

जोशीकाकू: शिडी पाटीलभाऊंकडे आहे. मार्चपासून.

पाटील: शिडी सोसायटीची आहे. मी फक्त सांभाळतोय.