गोयाचा वळू म्हणजे जनता? आधी चित्र तरी नीट बघा!

रावपुरेकर:
स्पॅनिश चित्रकार गोयाच्या 'खेड्यातली बैलझुंज' या चित्रावर काल इथे एकाने लिहिलं की वळू म्हणजे स्पेनची जनता आणि भाला रोखलेला घोडेस्वार म्हणजे स्पेनवर चाल करून आलेला फ्रेंच बादशहा नेपोलियन. वाचून डोकं फिरलं. अहो, फ्रेंच गणवेश कुठे दिसतो का? पक्कं रिंगणसुद्धा नाही, माणसांनीच जागा वेढलीय आणि त्यांचे चेहरे म्हणजे कुंचल्याचे नुसते ठिपके. चित्र त्या गर्दीचं आहे. नेपोलियन बाहेरून आणून बसवू नका.

दांडियाबाजारची:
डोळे आम्हालाही आहेत. माद्रिदच्या त्याच सान फर्नांदो अकादमीत याच्या जोडीची चित्रं आहेत: इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा निवाडा, वेड्यांचं इस्पितळ, स्वतःला फटके मारत निघालेली मिरवणूक. ती सोडून एकटी झुंज कशी बघता? स्पेनचा राजा चौथ्या कार्लोसने १८०५ मध्ये झुंजींवर बंदी घातली होती, तेही विसरायचं का? नेपोलियन नसेल, पण यात राजकारण आहेच.

पाणीगेटवाले काका:
दोघांनाही घोडा दिसला नाही. तेव्हा भालेवाल्याच्या घोड्याच्या पोटाला काही बांधत नसत. जाड गादीची सक्ती स्पेनमध्ये १९२८ मध्ये आली. तोवर शिंगाने फाडलेल्या घोड्यांची आतडी वाळूत पडायची. आपल्याकडे बडोद्यात गायकवाडांच्या अग्गडात, म्हणजे भिंतींच्या रिंगणात, हत्तींची साठमारी चालायची, माणसं हत्तीला डिवचून खेळवायची. पण तिथे भिंतींना अरुंद वाटा ठेवलेल्या, माणूस निसटावा आणि हत्ती बाहेरच राहावा अशा. घोड्याला कसली वाट?

खिल्लारप्रेमी:
आला जनावरांचा पुळका! २०१४ मध्ये कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा मामांनी खोंडांची जोडी विकली. टेम्पोत चढवताना मामी त्यांच्या कपाळाला हळद लावत होती आणि खोंड तिचा पदर चाटत होते. २०२३ मध्ये कोर्टाने शर्यतींना मान्यता दिली, पण गोठा रिकामाच राहिला. शहरात बसून शिकवू नका.

दांडियाबाजारची:
शर्यतीचं नाव इथे काढलं कुणी? तुमच्या मामींचं दुःख मला कळतं, पण झुंज आणि शर्यत एक करू नका. आणि शहरात बसून म्हणाल तर ऐका. सुरसागरजवळ मोकाट वळूने माझ्या भावाला उडवलं. खांदा निखळला होता, चप्पल लांब जाऊन पडली होती. पन्नासएक माणसं गोल करून उभी राहिली, मोबाईल वर धरून. त्यांच्यामधून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचायला मला धक्के मारावे लागले.

रावपुरेकर:
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तो गोल म्हणजेच गोयाची गर्दी. मी हेच सांगत होतो.

दांडियाबाजारची:
गर्दीचं मानते. तेवढंच. पण त्यातला एकही चेहरा आज मला आठवत नाही, आणि गोयाने ते ठिपके निव्वळ हौसेने ठेवले असं तुम्ही म्हणणार असाल, तर ते मी मुळीच ऐकणार नाही.