रविवारी गळणारा नळ
प्रश्न: मी मूळचा खानापूरचा असून सध्या जर्मनीत भाड्याने राहतो. सिंकखालच्या जोडातून पाणी ठिबकत आहे, रविवारी येथील दुकाने बंद असतात आणि घरात केवळ पाना, सुती दोरा व सायकलची जुनी ट्यूब आहे. काय करावे?

उत्तर (बेळगाव): आधी कॉक बंद करा. आटे पुसून दोरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच घट्ट गुंडाळा, कारण उलटा गुंडाळल्यास तो आवळताना सुटतो. टेफ्लॉन टेप येण्यापूर्वी आमच्याकडे दोरा आणि सफेदा (सांध्याला लावायचा पांढरा लेप) हेच वापरत.

उत्तर (निपाणी): जोडात वायसर असल्यास दोरा व्यर्थ आहे, ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवा.

प्रश्नकर्ता: काका, वायसरच चिरलेला निघाला. ट्यूब बसवल्यावर गळती थांबली, तरी खाली वाटी ठेवली आहे.