खुकरी आणि आजीची ट्रंक

काही जण म्हणतात की ७१ चं भारत-पाक युद्ध म्हणजे नुसता विजयच, आपलं काही गेलंच नाही... अहो असं कसं? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ समुद्रात आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली ना, पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि काही मिनिटांत बोट खाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बोटीचे कॅप्टन मुल्ला, त्यांनी स्वतःचं लाईफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते बोटीबरोबरच गेले, महावीर चक्र मिळालं त्यांना मरणोत्तर.

आमच्या आजीचा धाकटा भाऊ होता त्यात, इंजिनरूमला. रत्नागिरीकडचं घर, तार आली तीत फक्त 'बेपत्ता' एवढंच, त्यामुळे मामीआजीने दोन वर्षं कुंकू पुसलं नाही, कोणी काही बोललं की म्हणायची पोहता येतं त्यांना, येतील. (खाडीकाठचा माणूस, पोहता येणारच. पण इंजिनरूममधून वर यायला वेळच कुठे मिळाला असेल.) त्याची काळी पत्र्याची ट्रंक आजीकडे होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आत डांबराच्या गोळ्या नि एक पांढरी टोपी. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती.

गेल्या वर्षी दीवला गेलो होतो, तिथे स्मारक आहे, काचेत बोटीची प्रतिकृती ठेवलीय. बाकी लोक सेल्फी काढत होते, काढू देत, पण आईने चपला काढल्या आणि नुसती समुद्राकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली चल, ऊन वाढलं.